बोडी, मामा तलाव आणि त्यांचा काठ : पाणथळ जागा पुन्हा जिवंत करण्याची वर्षभराची कामं

तलाव सुधारायचा म्हटलं की आधी जेसीबी आठवतो. गाळ काढायचा, खोल करायचं, कडेनं दगडी पिचिंग, वर फुटपाथ आणि दिवे. दोन वर्षांनी पाणी भरपूर दिसतं, पण बदकं उतरत नाहीत, मासळी घटते आणि उन्हाळ्यात पाणी हिरवं होऊन वास मारतं. याचं कारण असं की पाणथळ जागेतला बहुतेक जीव गुडघाभर पाण्यात राहतो. दिवाळीनंतर पाणी ओसरत जातं तसा चिखल उघडा पडतो. त्यात तुतारी आणि शेकाटे हे पाणपक्षी चरतात, पुढच्या पावसाळ्यात तिथंच देवधान (जंगली भात) उगवतं, तिथल्या गवतात मासे अंडी घालतात. हा उतरता काठ खोदून उभा केला की तलावाची टाकी होते. पुढची सगळी कामं या काठाला धरून सांगितली आहेत.

नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेला रामटेक, मौदा, कुही, भिवापूर, उमरेड या धानाच्या पट्ट्यात जुन्या बोड्या (लहान तळी) आणि माजी मालगुजारी, म्हणजेच मामा, तलाव आहेत. पुढे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत त्यांची संख्या हजारांत जाते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं यांतले अनेक तलाव बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि दरवर्षी हातानं होणारी देखभाल थांबली. नागपूर शहरातले अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर हेही माणसानंच बांधलेले. म्हणून 'नैसर्गिक अवस्थेत सोडून द्या' हा सल्ला इथं चालत नाही. माणसानं बांधलेली पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, माणसानंच सांभाळावी लागते.

पीटभूमीचा विषय इथं थोडक्यात येतो. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून साचलेले वनस्पतींचे थर. जगाच्या जमिनीचा जेमतेम तीन टक्के भाग पीटचा, पण मातीतल्या एकूण कार्बनपैकी जवळपास तिसरा हिस्सा त्यात आहे. विदर्भात मे महिन्यात तलावाचा तळ उघडा पडून भेगाळतो, हवा आत जाते आणि पाला पूर्ण कुजतो, म्हणून आपल्याकडे तसे जाड थर बनत नाहीत. तरी पीटभूमी वाचवणाऱ्यांचा पहिला नियम आपणही घ्यावा: निचऱ्याचे चर आधी बुजवा, झाडं नंतर लावा. पाण्याचा हिशेब जुळल्याशिवाय लावलेलं काहीच टिकत नाही.

पहिलं वर्ष फक्त पाहण्यात गेलं तरी चालेल

गेटजवळ किंवा जुन्या दगडी खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारून मोजपट्टी करा आणि दर रविवारी पाणी कुठं आहे ते वहीत लिहा. नागपूरकडे मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनानं दिवसाला सेंटिमीटरच्या आसपास पाणी उतरतं. गेट बंद असून, कुणी पंप लावलेला नसून दोन सेंटिमीटर उतरत असेल, तर पाळीतून किंवा गेटमधून गळती आहे असं समजा. पावसाळ्यात सांडवा (जास्तीचं पाणी बाहेर जाण्याची वाट) वाहू लागला की त्या दिवशी पाणी जिथपर्यंत पोचलं तिथं काठानं खुंट्या ठोका. पुढे अतिक्रमणाचा वाद निघाला तर याच खुंट्या आणि त्यांचे तारखेसह फोटो कामाला येतात.

पाण्याचा गढूळपणा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. वीस सेंटिमीटर व्यासाचं स्टीलचं झाकण घ्या, चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग द्या, मधोमध भोक पाडून दोरी बांधा आणि खाली थोडं वजन लावा. सकाळी दहा-अकराच्या उन्हात सावलीच्या बाजूनं पाण्यात सोडा. दिसेनासं झालं त्या ठिकाणी दोरीला चिमटा लावून लांबी मोजा. ती ३० सेंटिमीटरच्या आत असेल, तर पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींना उजेड पुरत नाही. आधी गढूळपणाचं कारण शोधा: सांडपाणी, म्हशी, की तळ ढवळणारे मासे.

मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांशी बोलल्याशिवाय कागदावर नकाशा काढू नका. कुठं डोह आहे, कुठं झरा आहे, कोणता मासा कोणत्या नाल्यातून चढतो, कोणती वनस्पती पूर्वी होती आणि कधी गेली, हे त्यांना माहीत असतं. तलावाचा मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा त्यांच्याच सहकारी संस्थेकडे असतो. त्यांना वगळून केलेलं संवर्धन दुसऱ्या हंगामात मोडतं, आणि त्यात चूक त्यांची नसते.

सोबत सातबारा आणि गावनकाशा काढा. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव साधारणपणे जिल्हा परिषदेकडे असतात. पाळीला आणि गेटला हात लावण्याआधी तिथली लेखी परवानगी हवीच.

पाणी येतं कुठून

तलाव रोडावण्याचं कारण बरेचदा तलावाबाहेर असतं. नवा रस्ता झाला आणि नळकांडं उंच बसलं, ले-आउट पडला आणि नाला वळला, वावराचा धुरा वाढवला आणि ओहोळ अडला. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन येव्याच्या वाटा चालत पाहा. नकाशावर जे आठ दिवसांत कळत नाही ते त्या दोन तासांत कळतं.

येवा तलावात शिरतो तिथं गाळ अडवण्यासाठी छोटा खळगा करा. दहा बाय सहा मीटर आणि एक मीटर खोल हे लहान बोडीला पुरतं. तो दर उन्हाळ्यात उपसायचा. काठालगत दहा मीटर रुंदीची गवताची पट्टी सोडा. धानाच्या बांधीतून युरिया घेऊन येणारं पाणी या गवतातून गेलं तर शेवाळाला खाद्य कमी मिळतं. काठच्या गाळपेर जमिनीत भाजीपाला किंवा टरबूज घेत असाल, तर तिथं कीटकनाशकाची फवारणी नको. ती जमीन तीन महिन्यांनी पुन्हा पाण्याखाली जाते.

पाळ आणि सांडवा

काळ्या मातीची पाळ उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्याच पुरात पाणी त्या भेगांतून शिरून आतून माती वाहून नेतं. वरून व बाहेरच्या उतारावर ३० सेंटिमीटर मुरमाचं आवरण दिलं की भेगा आवरतात. खचलेला भाग भरताना आधी सैल माती खरवडून पायऱ्या पाडा, मग १५ ते २० सेंटिमीटरचे थर टाकून, ओलावून, प्रत्येक थर धुमसून घ्या. ओलावा किती हवा? मूठभर माती दाबली तर लाडू वळावा, पण हाताला पाणी सुटू नये. कोरडी माती ट्रॉलीनं ओतून वरून सपाट केली, तर पहिल्या पावसाळ्यात ती बसते आणि तिथूनच पाळ फुटते.

घुशींची आणि खेकड्यांची बिळं फक्त तोंडाशी बुजवू नका. शेवटापर्यंत खणा आणि ओली चिकणमाती ठासत बाहेर या. पाळीवरचं जुनं मोठं झाड घाईनं तोडू नये. मुळं कुजली की आत पोकळ नळ्या राहतात. नवीन झाडं पाळीवर लावू नयेत, तिथं हरळी आणि खस बरी. अर्जुन, करंज, जांभूळ पाळीपासून दूर, येव्याच्या बाजूला लावा.

सांडव्यावर रेतीच्या गोण्या ठेवून पाणी वाढवण्याची सवय फार घातक आहे. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागलं तर ती काही तासांत जाते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अतिवृष्टी झाली, अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत घरांमध्ये पाणी शिरलं. तलाव कितीही जुना आणि शांत दिसो, सांडवा आणि त्याच्या खालचा नाला मोकळा असलाच पाहिजे. सांडव्याखाली उभा कठडा असेल, तर एका बाजूला दगड रचून सौम्य उतार करा, एक मीटर उंचीला १५ ते २० मीटर लांबीचा. पावसाळ्यात चढणीचे मासे त्याच वाटेनं तलावात येतात.

गाळ: किती काढायचा आणि कुठला नाही

सर्वांत जास्त नुकसान या कामात होतं, म्हणून इथं घाई करू नका. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत गाळ काढता येतो आणि शेतकऱ्यांना तो हवाही असतो. पण गाळ संपून मूळ तळ कुठं लागला, हे यंत्र चालवणाऱ्याला कुणी सांगत नाही. मूळ तळाची घट्ट चिकणमाती पाणी धरून ठेवते. ती फोडली की खालच्या मुरमातून पाणी झिरपतं आणि तलाव डिसेंबरातच कोरडा पडतो.

म्हणून आधी पाच-सहा जागी हातानं खड्डे घ्या. साचलेला गाळ काळसर, मऊ असतो, त्यात शिंपले आणि कुजलेली मुळं सापडतात, कुदळ सहज रुतते. मूळ तळ लागला की कुदळीचा आवाज बदलतो, माती पिवळट किंवा करडी, घट्ट, ढेपेसारखी निघते. तिथं थांबायचं. प्रत्येक खड्ड्याची खोली बांबूवर लिहून तो बांबू तिथंच रोवा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्यालाही मर्यादा दिसते.

पाळीच्या पायथ्यापासून २० मीटरपर्यंत खोदकाम नको. येव्याकडचा उथळ भाग तसाच सोडा. एका वर्षी तलावाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त क्षेत्राला हात लावू नका, कारण चिखलात बिया, कंद, शिंपले, गोगलगाई असतात आणि उरलेल्या भागातूनच तलाव पुन्हा भरतो. गाळ काढायचा तो मधल्या खोलगट भागातून. तिथं पाच ते दहा टक्के क्षेत्रात दीड-दोन मीटरचा डोह ठेवा, म्हणजे मे महिन्यात मासे तिथं तगतात. डोहाच्या कडा एकास दहापेक्षा उभ्या करू नका, दहा पावलांवर एक पाऊल खोली. यंत्रवाल्याला हे विचित्र वाटतं, त्याला उभी कड सोपी पडते. पण म्हैस, माणूस आणि बगळा तिघांनाही उतार लागतो.

शेतात टाकायचा हिशेब सोपा आहे. एका एकरावर पाच सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे २०० घनमीटर, म्हणजेच ७० ब्रास. हलक्या मुरमाड वावराला हे चांगलं. आधीच भारी काळ्या रानात टाकला तर निचरा बिघडतो. शहरातल्या, नाल्याचं पाणी येणाऱ्या तलावाचा गाळ जड धातूंची तपासणी केल्याशिवाय शेतात नेऊ नये.

बेशरम

गुलाबी फुलांची ही विदेशी झुडपं तलावाचा काठ गिळतात. दाट बेशरमात देशी गवत उगवत नाही, बकऱ्यांनी पाला खाल्ला तर मज्जासंस्थेचा आजार होतो. कापून ती जात नाही. हाताएवढा तुकडा ओल्या मातीत पडला, तर काही दिवसांतच पेऱ्यातून पांढरी मुळं फुटतात आणि कोंब वर येतो. जेसीबीनं ओढली की असे शेकडो तुकडे चिखलात दडपले जातात आणि पुढच्या वर्षी दुप्पट बेशरम उगवते.

एप्रिल-मेमध्ये तळ वाळल्यावर सब्बल आणि टिकासानं मुळासकट उपटा. एका झाडाभोवती हातभर माती सैल करून, बुंधा हलवत, आडवी मुळं तुटू न देता काढायचं. काढलेला माल पाळीपलीकडे, पाणी पोचणार नाही अशा उंच जागी, जमिनीला पेरे टेकणार नाहीत असा दगडांवर रचा. आठवड्यानं उलटवा. चांगला वाळला म्हणजे काडी मोडताना कटकन आवाज येतो. नाल्यात टाकला, तर खालच्या गावाच्या तलावात तुम्हीच बेशरम पेरली. पावसाळ्यानंतर उरलेले कोंब ऑक्टोबरात आणि पुन्हा पुढच्या मेमध्ये काढा. तीन वर्षं सलग केलं तरच जागा मोकळी होते. पहिल्या वर्षीच सगळा निधी खर्च करणं ही या कामातली नेहमीची चूक आहे.

तणनाशक फवारू नका. बेडकांना आणि माशांना ते बाधतं, आणि मेलेली झाडी पाण्यात कुजताना ऑक्सिजन खाते.

जलपर्णी आणि सांडपाणी

जलपर्णी अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते आणि तिचं बी चिखलात अनेक वर्षं टिकतं. फुलं येण्याआधी काढायला हवी. बांबू आणि दोरीचा तरंगता अडसर करून वाऱ्याच्या दिशेनं एका कोपऱ्यात ढकला, तिथून काढा, काठापासून लांब टाका. वजनात नऊ दशांशाहून जास्त पाणी असतं, म्हणून दोन-तीन दिवस वाळवल्यावरच ट्रॉली भरा. शेणासोबत थर देऊन तिचं चांगलं खत होतं, शहरी तलावातली मात्र भाजीला वापरू नका. साफ झाल्यावर दर आठवड्याला फेरी मारून चार-दोन रोपं उचलावीत. ती सोडली तर तीन महिन्यांनी पुन्हा पोकलेन बोलवावा लागतो.

पण जलपर्णी हा आजार नसून ताप आहे. आजार सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदाचा. ते नाल्यावरच अडवलं नाही तर साफसफाई कायमची चालू राहते. छोट्या वस्तीसाठी वनस्पतींवर आधारित गाळणी परवडते. नागपुरातल्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं 'फायटोरिड' नावानं अशी पद्धत विकसित केली आहे. साधा हिशेब असा: १०० माणसांना माणशी दोन चौरस मीटर, म्हणजे २०० चौरस मीटर जागा, ६० सेंटिमीटर खोल. आत १० ते २० मिलिमीटरची गिट्टी, पाणी आत शिरतं आणि बाहेर पडतं तिथं ४० ते ८० मिलिमीटरचे दगड. तळाला शंभर मीटरला एक मीटर उतार, खाली चिकणमाती किंवा जाड प्लास्टिक. माणशी रोज १०० लिटर धरलं तर पाणी साधारण पाच दिवस गिट्टीत राहतं. कर्दळ आणि पाणकणीस चौरस मीटरला चार रोपं. पाण्याची पातळी गिट्टीच्या पाच सेंटिमीटर खाली ठेवा, म्हणजे डास होत नाहीत. आधी गाळ बसायची टाकी नसेल, तर मैला गिट्टीत अडकून दोन वर्षांत सगळं तुंबतं. बहुतेक ठिकाणी हीच टाकी खर्च वाचवायला गाळली जाते.

लागवड

जागा मोकळी झाली की बऱ्याचदा चिखलातलं बी आपोआप उगवतं. एक पावसाळा थांबून पाहा. नाहीच उगवलं तर लावा. जिथं बेशरम उपटली आणि माती दगडासारखी दबली आहे, तेवढीच पट्टी मेअखेरीस हलकी नांगरा. सगळा तळ नांगरू नका.

रोपं तालुक्यातल्याच चांगल्या तलावातून, तिथल्या लोकांना विचारून, थोडी थोडी आणा. मुळांत जलपर्णीची पिल्लं किंवा अंडी चिकटली नाहीत ना, बादलीत धुऊन पाहा. लागवड जुलैअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीला, पाणी स्थिरावल्यावर. जूनमध्ये लावलेलं चढत्या गढूळ पाण्यात गुदमरतं. काठाला १५ ते ३० सेंटिमीटर पाण्यात एलिओकॅरिससारखे लव्हाळे आणि देवधान. त्यापुढे तरंगत्या पानांची कुमुद आणि निम्फॉइडिस. ६० ते १०० सेंटिमीटरमध्ये पाण्याखाली वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेराटोफायलम. सेराटोफायलमला मुळं नसतात, ते नुसतं सोडलं तरी चालतं. हायड्रिलाच्या हातभर आठ-दहा काड्या एकत्र धरून बुडखा मुठीएवढ्या चिकणमातीच्या गोळ्यात दाबा आणि गोळा हलकेच सोडा. व्हॅलिस्नेरियाचा पांढरा बुडखा मातीत जाऊ द्या, पण पानं फुटतात तो गाभा वर राहिला पाहिजे, नाहीतर सडतो.

सगळा तलाव लावायचा नाही. पाच बाय पाच मीटरचे आठ-दहा वाफे करा, अर्ध्या मीटरवर एक रोप, वाफ्याला १०० रोपं. भोवती बांबू आणि जाळी पहिला हंगामभर. पुढे ती आपली पसरतात.

पाणकणीस फार माजलं तर पाण्याच्या पातळीखाली कापा. तुटलेल्या देठातून मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. पाण्यावरून कापलं तर जोमानं फुटतं. सगळं काढू नका, जांभळ्या पाणकोंबड्यांना आडोसा लागतो.

मासळी आणि पाण्याचा करार

पहिली तीन वर्षं गवत्या मासा (ग्रास कार्प) आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडू नये. गवत्या नवी रोपं खातो, सायप्रिनस तळ उकरून पाणी गढूळ करतो. कतला, रोहू, मृगळ माफक सोडता येतात. थाई मागूर देशात बंदीच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उथळ भागात जाळं नको, तेव्हा मरळ, शिंगी यांची पिल्लं गवतात असतात. हे ठेकेदार संस्थेशी ग्रामसभेत ठरवा, आणि त्या हंगामाचं नुकसान कसं भरून काढायचं तेही त्याच बैठकीत ठरवा.

पाण्याचंही तसंच. शेवटच्या धानाला ऑक्टोबरात पाणी द्यायलाच तलाव बांधलेत, ते थांबवायचं नाही. पण मोजपट्टीवर एक लाल रेघ ठरवा, डोह शाबूत राहील अशी, आणि त्याखाली गेट किंवा पंप चालणार नाही असा ठराव घ्या. उन्हाळी धान या रेघेचा सर्वांत मोठा शत्रू आहे, हे स्पष्ट बोललेलं बरं.

कायद्याचा आधार

२०१७ च्या पाणथळ जागा नियमांनुसार अधिसूचित जागेत भराव, अतिक्रमण, कचरा, प्रक्रिया न केलेलं सांडपाणी यांना बंदी आहे, आणि नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम करता येत नाही. मात्र पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येतून वगळले आहेत. मामा तलाव नेमके इथं निसटतात. त्यांच्यासाठी महसुली नोंद, जिल्हा परिषदेची मालकी आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याखालची गावाची व्यवस्थापन समिती हे तीन आधार धरा. समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तलावातल्या वनस्पती, मासे, पक्षी स्थानिक नावांनी लिहा. काठावर भिंत बांधायचा प्रस्ताव आला की ही नोंदवही आणि खुंट्यांचे फोटो घेऊनच बैठकीला जा.

तिसऱ्या वर्षी बिघडलं तर

पाणी हिरवं झालं आणि पहाटे मासे तोंड वर काढताना दिसले, तर रात्री ऑक्सिजन संपतो आहे. येव्यावर चालत जा, कुठंतरी नवं सांडपाणी जोडलं गेलं असेल. लावलेली रोपं एका रात्रीत नाहीशी झाली तर जाळी तपासा, बहुधा गवत्या किंवा म्हैस. पाणी गढूळच राहिलं आणि झाकण ३० सेंटिमीटरला दिसेनासं होतं, तर बहुधा सायप्रिनस शिल्लक आहे, तो जाळ्यानं काढून घ्या. बेशरम एकाच कोपऱ्यात पुन्हा येत असेल, तर वरच्या नाल्याच्या काठानं चालत जा, मूळ झुडूप तिथं उभं असेल. आणि पाणी डिसेंबरातच आटलं, तर वहीतल्या रविवारच्या नोंदी काढा. गाळ काढण्याआधीच्या आणि नंतरच्या वर्षाचा उतार शेजारी ठेवला की तळ फुटला आहे का ते कळतं. फुटला असेल तर तेवढ्या जागी चिकणमातीचा ३० सेंटिमीटर थर ओलावून, म्हशी फिरवून तुडवून घ्या. हे काम पाऊस लागण्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात उरकायचं.